पाण्याखाली गेलेल्या गावातलं घराणं जुन्या नकाशांवर कसं शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबा कोयना खोऱ्यातल्या एका गावचे. ते गाव आता शिवसागर जलाशयात आहे. आजोबा लहान वयातच मुंबईला येऊन गिरणीत लागले. घरात १९३०च्या सुमाराची शेतसाऱ्याची एक पावती उरली आहे. तिच्यावर गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि पुढे ‘हि. ३’ एवढंच वाचता येतं. यावरून जुन्या नकाशांच्या मदतीने घराण्याचा माग काढता येईल का, नकाशावर पणजोबांचं नाव सापडेल का, आणि त्यातून काही हक्क निघतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

नावाचं आधी सांगतो, कारण बहुतेक लोक तिथेच निराश होतात. गावनकाशावर माणसांची नावं नसतात. तिथे नंबर असतात, बांध असतात, ओढे, वाटा, विहिरी, देवळं असतात. पण तुमच्या पावतीवर जो ‘हि. ३’, म्हणजे हिस्सा ३, आहे, तो मला गावाच्या नावाइतकाच मोलाचा वाटतो. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केल्यावर आणि निवृत्तीनंतर लोकांना हेच कागद वाचून देताना माझं मत पक्कं झालं आहे: आपल्याकडे सामान्य शेतकरी घराण्याचा वंशवृक्ष कुणी लिहून ठेवलेला नसतो, पण जमिनीच्या वाटण्या मोजून ठेवलेल्या असतात. एका नंबराचे हिस्से कसे पडले हे नीट वाचलं, तर भाऊ किती, त्यातला कोण लवकर गेला, कुणाला मुलं किती, हे कळायला लागतं. तुमचं काम ‘हिस्सा ३’ पासून सुरू करायचं. बाकीचे नकाशे त्या हिश्श्यापर्यंत पोचण्यासाठी.

पहिली पायरी म्हणजे गाव नक्की करणं. ही पायरी लोक गाळतात आणि मग भलत्याच गावाची कागदपत्रं चाळत बसतात. एकाच नावाची गावं किती असावीत? एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग, वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव शेरी, शिवाय वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द. बोलताना सगळे नुसतं ‘वडगाव’च म्हणतात, आणि पावती लिहिणारा तलाठीही तेच करतो. तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. कोयनेतून उठवलेल्या गावांचं पुनर्वसन ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत झालं, आणि अनेक ठिकाणी नव्या वसाहतीला जुन्याच गावाचं नाव दिलं गेलं. आज संगणकावर नाव टाकलं की ही नवी वसाहत आधी वर येते. तिचा नकाशा साठ वर्षांच्या आतबाहेरचा आहे, त्यात तुमच्या पणजोबांचं काही नाही.

म्हणून पावतीवर तालुका आणि पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटभाग, काय लिहिलाय ते भिंग घेऊन वाचा. खोऱ्याचा खालचा भाग पाटण तालुक्यात, बामणोलीकडचा जावळीत, तापोळ्याकडचा आज महाबळेश्वर तालुक्यात येतो. जुन्या कागदात महाबळेश्वरऐवजी जावळी असू शकतं, म्हणजे जुना दप्तराचा गठ्ठा जावळीच्या मुख्य ठाण्याला, मेढ्याला, आणि नवा महाबळेश्वरला, अशी विभागणी झालेली असते. १९४९ नंतरच्या काही वर्षांच्या कागदांवर जिल्हा ‘उत्तर सातारा’ दिसला तर बुचकळ्यात पडू नका. तेव्हा साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे होते. दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं.

आता नकाशे. तुम्हाला दोन जातींचे नकाशे लागतील आणि दोघांची कामं वेगळी आहेत. एक, भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे, ज्यांना आपण टोपोशीट म्हणतो. दुसरा, महसुली गावनकाशा आणि त्याच्या पोटातली टिपणं. पहिला गाव कुठे होतं आणि कुणाच्या शेजारी होतं ते सांगतो. दुसरा गावात तुम्ही कुठे होता ते सांगतो.

टोपोशीटचे क्रमांक एकदा समजून घेतले की शोधायला सोपे जातात. ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश एवढ्या चौकोनाला ४७ हा क्रमांक आहे. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली आणि मग उजवीकडे मोजत जायचं. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, १ ते १६. पुणे शहर ४७ एफ/१४ वर येतं, ते याच हिशेबाने. तुमचं खोरं ४७ जी मध्ये आहे आणि तापोळ्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंत पाहायचं तर त्यातले तीन-चार तरी शीट जोडून बघावे लागतील. जुनी शीट एक इंचाला एक मैल या प्रमाणाची असतात. पुढे दशमान पद्धत आल्यावर १:५०,००० ची निघाली.

तुम्हाला हवी ती धरणाआधीची आवृत्ती. कोयनेत पाणी अडायला लागलं ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधीच्या शीटवर कोयना ही एक नदी आहे, महाबळेश्वरच्या डोंगरातून निघून दक्षिणेला हेळवाकपर्यंत उतरणारी आणि तिथे पूर्वेला वळणारी, आणि तिच्या दोन्ही काठांना वाड्या-गावांचे ठिपके आहेत. नंतरच्या शीटवर तिथे निळा पट्टा आहे. शीटच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन वर्षं छापलेली असतात, एक मोजणीचं आणि एक छपाईचं. मोजणीचं वर्ष खरं धरा. छपाई कितीही उशिराची असली तरी आतला तपशील जुन्या मोजणीचाच असतो, आणि तुम्हाला तर तेच हवं आहे. मूळ शीट हाती लागेपर्यंत अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने १९५०च्या दशकात काढलेली १:२,५०,००० ची मालिका वापरा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती फुकट पाहायला ठेवली आहे. प्रमाण लहान असल्यामुळे वाड्या सुटतात, पण खोऱ्याचा अंदाज येतो.

नावं रोमन लिपीत असतात हे लक्षात ठेवा. तिथे ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, द आणि ड एकच. इंग्रज मोजणीदाराने वाटाड्याच्या तोंडून जे ऐकलं ते लिहिलं. तेव्हा अक्षरांपेक्षा जागेवर भरवसा ठेवा: कुठल्या ओढ्याच्या काठी, कुठल्या डोंगरसोंडेच्या पायथ्याला.

आणि या शीटवर एक गोष्ट मुद्दाम पाहा. पाऊलवाटा. तुटक रेघांनी दाखवलेल्या या वाटा घराण्याच्या शोधात फार उपयोगी पडतात, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आज जलाशयाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचं तर लाँच लागते, नाहीतर मोठा वळसा. त्यामुळे आजच्या माणसाला समोरचा काठ परका वाटतो. धरणाआधी उन्हाळ्यात नदीला उतार असायचा आणि समोरचं गाव अर्ध्या तासाच्या चालीवर होतं. भाऊबंद पलीकडे जाऊन वसलेले, सोयरिकी पलीकडच्या, देवाची पालखी पलीकडे जाणारी. म्हणून आडनाव आणि कुळदैवत जुळणारी घराणी शोधताना समोरच्या काठावरची गावं आधी घ्या, मग आपल्या काठावरची लांबची. तसंच पश्चिमेकडे सह्याद्रीची धार ओलांडून चिपळूण-खेडकडे उतरणाऱ्या वाटा बघा. आजीचं माहेर ‘कोकणातलं’ एवढंच घरात माहीत असेल, तर त्या वाटेच्या खालच्या टोकाला असलेली चार-सहा गावं ही तुमची पहिली यादी.

आता गावनकाशा. मुंबई इलाख्यात शेतवार मोजणीची जी पद्धत रूढ झाली ती गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये बसवलेल्या घडीतून. साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं, तेव्हा तुमच्याकडची ब्रिटिश मोजणी त्यानंतरची. ही मोजणी ३३ फुटी साखळीने व्हायची. साखळीचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे पाठ असू द्या, कारण जुन्या टिपणावरचे आकडे फुटांत किंवा मीटरमध्ये नसून साखळी आणि आण्यांत असतात. अनेक गावनकाशे एक इंचाला २० साखळ्या, म्हणजे १:७,९२० या प्रमाणात काढलेले आहेत.

या नकाशावर सर्व्हे नंबर दिसेल, त्यातले हिस्से बहुधा दिसणार नाहीत, किंवा नुसत्या तुटक रेघा दिसतील. हिश्श्यांसाठी त्या नंबराचं टिपण आणि फाळणी नकाशा मागायचा. टिपण म्हणजे मोजणीदाराने शेतात उभं राहून काढलेला कच्चा आराखडा: मधली मूळ रेघ, तिच्यापासून दोन्ही बाजूंच्या बांधांची अंतरं, कोपऱ्यावरचे दगड, कडेला लागून असलेल्या शेजारच्या नंबरांचे आकडे. फाळणी ही नंतरची, नंबराचे हिस्से मोजून वेगळे केल्याची. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला, १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्याचा भाग झाला, आणि त्यानंतर गावोगाव हिस्से मोजण्याचं काम चाललं. तुमची पावती १९३०ची आणि तिच्यावर हिस्सा नंबर आहे, म्हणजे तोवर तुमच्या नंबराची फाळणी झालेली होती. फाळणीच्या कागदावर हिस्सेदारांची नावं पुष्कळदा मिळतात. पणजोबांचं नाव ‘नकाशावर’ सापडायची शक्यता असेल तर ती इथे.

आता हे वाचायचं कसं? समजा नंबराचं क्षेत्र ६ एकर आहे आणि हिस्से असे आहेत: हिस्सा १ दोन एकर, हिस्सा २ दोन एकर, हिस्सा ३ एक एकर, हिस्सा ४ एक एकर. तीन भावांची वाटणी झाली, त्यातला एक वाटणीआधीच वारला आणि त्याच्या जागी त्याचे दोन मुलगे उभे राहिले, असा तर्क करायला हरकत नाही. क्षेत्रात गुंठा-दोन गुंठ्यांचा फरक असतोच, आणि वाईट जमीन ज्याच्या वाट्याला आली त्याला थोडी जास्तही देतात, म्हणून क्षेत्रापेक्षा आणेवारी, म्हणजे कुणाचा वाटा किती आण्यांचा ते, जास्त विश्वासाची. आपला जुना हिशेब सोळा आण्यांचा. ५ आणे ४ पै दिसले की तो तिसरा हिस्सा. २ आणे ८ पै म्हणजे त्याच्याही निम्मं, सहावा हिस्सा. ४ आणे असतील तर चार भाऊ, किंवा दोन भाऊ आणि प्रत्येकाला दोन-दोन मुलगे; कुठलं ते फेरफारावरून, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीवरून, ठरतं. हिस्सा ३ चे पुढे ३अ आणि ३ब झाले असतील तर ती पुढची पिढी. एकदा आण्या-पैंची सवय झाली की उताऱ्यावरची आकडेमोड बघूनच पिढ्या मोजता येतात.

हिश्श्यांचा आकारही बोलका असतो. तुमच्यासारख्या खोऱ्यात खाली नदीकाठी भाताची खाचरं, मधे नाचणी-वरीचा उतार आणि वर माळ किंवा रान. भावाभावांची वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला थोडं खाचर आणि थोडा उतार मिळावा म्हणून नंबर वरपासून खालपर्यंत उभा चिरतात. नकाशावर लांबट, अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या तर बहुधा भाऊबंदकी. एखादा कोपरा चौकोनी तोडलेला दिसला तर मी आधी खरेदी, गहाण किंवा देवस्थानाला दिलेली जमीन असा संशय घेतो. हा नियम म्हणून सांगत नाही, पण कुठला फेरफार आधी काढायचा हे ठरवायला तो पुरतो.

शेजारचे नंबरही सोडू नका. भाऊबंदांची शेतं सहसा एकमेकांना लागून असतात, कारण ती कधीतरी एकाच माणसाच्या ताब्यात होती. तुमच्या नंबराला ज्यांची शीव लागते त्या सगळ्या नंबरांचे खातेदार लिहून काढा. आडनाव वेगळं असेल तरी लिहा. जुन्या कागदांत आडनाव नसतंच कितीदा, नुसतं ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा) किंवा बाईचं असेल तर ‘अमुक कोम तमुक’ (तमुकची बायको), आणि आडनावाच्या जागी पाटील. घराण्याने मुंबईत आल्यावर गावाच्या नावाला ‘कर’ लावून नवं आडनाव घेतलं असेल, तर सध्याच्या आडनावाने शोधून हाती काही लागणार नाही.

काही फसव्या जागा आहेत त्या सांगतो. उताऱ्यावर एकाच माणसाचं नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे मागे आणखी भाऊ आहेत, त्यांची नावं चढलेली नाहीत एवढंच. तो एकटाच मालक समजून लोक बाकीचा वंश गमावतात. ‘अ.पा.क. आई’ म्हणजे मुलगा अज्ञान, वयात न आलेला, आणि पालनकर्ती आई. वडील वारल्याचा अंदाज आणि मुलाचं साधारण वय दोन्ही तिथे मिळतं. तुमचे पणजोबा मालकच असतील असंही धरून चालू नका. दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ असतील तर नाव कब्जेदाराच्या रकान्यात न येता इतर हक्कांत किंवा पीकपाहणीत येईल. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कुळं मालक झाल्याचे फेरफार गावोगाव झाले, आणि तुमचं गाव उठण्याआधीची ती शेवटची काही वर्षं. ते फेरफार नक्की बघा. आणि मुली. जुन्या वारसनोंदीत त्या फारशा दिसत नाहीत, म्हणून घराण्याची अर्धी बाजू या कागदांत नाही. ती गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, शोधावी लागते.

बुडालेल्या गावाची एक गोष्ट मात्र इतर कुठल्याही गावापेक्षा चांगली आहे, आणि तुम्ही ती विचारलीच नाहीत. भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे कुणाची किती जमीन घेतली आणि तिचा मोबदला किती याचा अधिकाऱ्याने दिलेला निर्णय. धरणासाठी जमीन घेतली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली. त्यात कलम ११ चा निवाडा करावा लागतो, आणि निवाड्याआधी संपादित होणाऱ्या प्रत्येक नंबराची मोजणी. जमिनीबरोबर तिच्यावरच्या घरांची, विहिरींची, झाडांची किंमत ठरवायची असते, म्हणून त्यांच्या याद्या होतात. साधा गावनकाशा गावठाणापाशी येऊन थांबतो. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या जागेत, मोजणी नसायची, तिथे नुसता एक कोरा आकार असतो आणि त्यात कुणाचं घर कुठे हे कधीच कळत नाही. संपादनाच्या कागदांत मात्र घरंही येतात: मालक कोण, बांधणी कसली, आकार किती. बांधावरचा आंबा, फणस, हिरडा कुणाच्या नावे लागला तेही. एखाद्याची जमीन गेली नाही, पण आंब्याचा चौथा हिस्सा गेला, अशी नोंद असते, आणि त्या चौथ्या हिश्श्यावरून तो भाऊबंद ठरतो. शिवाय मोबदल्यावरून वाद झाला तर वारसांचे जबाब, वंशावळ, कधी कोर्टाकडे केलेला संदर्भ. उठलेल्या गावातल्या घराण्याला याच्याइतका भरगच्च कागद दुसरा नाही. तो साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन आणि पुनर्वसन शाखांमध्ये विचारायचा, आणि पुनर्वसन ज्या जिल्ह्यात झालं तिथल्या पुनर्वसन शाखेतही. कुणाला कुठल्या वसाहतीत किती जमीन दिली याची यादी या दुसऱ्या शाखेत असते. आजोबा मुंबईत असल्यामुळे मोबदला कुणी घेतला हे या यादीवरून कळेल, आणि ज्याने घेतला त्याची नातवंडं तुमच्याकडे नसलेली निम्मी गोष्ट जाणत असतील.

कागद मागायचे कुठे? गावनकाशा, टिपण, फाळणी, गुणाकार बुक (क्षेत्राच्या आकडेमोडीची वही), आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) हे तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात. जुने सातबारा, फेरफार आणि नमुना १४ तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. यातलं बरंच स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आलं आहे, आधी तिथे पाहा. अर्जात ‘आमच्या घराण्याची माहिती मिळावी’ असं लिहू नका. त्या अर्जाचं कुणीच काही करू शकत नाही. गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि कागदाचं नाव, एवढंच लिहा. एका अर्जात एक प्रकारचा कागद. शक्य असेल तर नकलेआधी पाहणीचा अर्ज करा, कारण टिपणाची वही हातात धरली की शेजारच्या नंबरांची पानंही चाळता येतात. ‘सापडत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर शोध पुन्हा होतो, हा या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा अनुभव समजा. दलालाला पैसे देऊ नका. तो तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाची वंशावळ तुम्हाला चिकटवतो.

गावाचा काही भाग पाण्याबाहेर राहिला असेल आणि तिथे नंतर एकत्रीकरण योजना झाली असेल, तर आजच्या नकाशावर सर्व्हे नंबर नसून गट नंबर असतील. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली हे झालं. तुमच्या पावतीवरचा आकडा आजच्या गट नंबराशी जुळवू नका; योगायोगाने तोच आकडा असला तरी जागा वेगळी असते. जुना सर्व्हे कुठल्या गटात गेला याचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो.

जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा मोह सगळ्यांना होतो. जरूर बसवा, क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे. खुणा मात्र न हललेल्या घ्या. तुमच्या खोऱ्यात वासोट्याचा माथा, डोंगरसोंडांची टोकं, ओढ्यांची वरची वळणं, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा. रस्ते आणि देवळं घेऊ नका. रस्ते नवे झाले, देवळं उचलून वर नेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आणि त्याआधीच्या शीटवर आणखी एक अडचण येते. तेव्हाचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर मोजलेले होते आणि ते सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त आहेत. आपल्या अक्षांशावर हे चार किलोमीटरहून अधिक भरतं. पुष्कळ शीटच्या समासात ही दुरुस्ती छापलेलीही असते. ती न करता नकाशा चढवला तर तुमचं गाव शेजारच्या डोंगरावर जाऊन बसेल. उपग्रहचित्र मे किंवा जूनच्या सुरुवातीचं निवडा. पाणी उतरलेलं असतं, काठची जुनी खाचरं आणि बांध उघडे पडतात, आणि त्या बांधांच्या रेघा टिपणाशी ताडून पाहता येतात.

मोजणीच्या मागे जायचं असेल तर आपल्या अर्थाचे नकाशे संपतात आणि शब्दांत लिहिलेले सुरू होतात. खरेदीखतात, वाटणीपत्रात ‘चतुःसीमा’ असते: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस तमक्याचा माळ. शेजाऱ्यांची नावं ब्रिटिश मोजणीनंतरच्या नंबरांशी जुळवली की हा शब्दांतला नकाशा कागदावर काढता येतो. पेशवाईतल्या गावांचे थळझाडे असतात, त्यात गावाची जमीन थळांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, आणि थळ घराण्यांत मांडलेलं असतं. नष्ट झालेल्या घराण्याच्या जमिनीला गतकुळी म्हणायचे. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, असे कागद आहेत, पण मोडी वाचणारा माणूस हवा. कोयनेच्या डोंगराळ गावांचा थळझाडा मिळेलच असं धरू नका. आधी निवाडा, मग फाळणी, मग फेरफार. मोडी सगळ्यात शेवटी.

पावती शेतसाऱ्याची असली तरी ती वतनाच्या जमिनीची नाही ना, हेही बघा. पाटीलकी, महारकी, गुरवकी अशी वतनी जमीन नंबरनिहाय वेगळी ओळखता येते आणि तिची रजिस्टरं वेगळी असतात. ज्यांच्याकडे स्वतःच्या नावाचं शेत कधी नव्हतं, अशा बलुतेदार आणि वतनदार घराण्यांना हाच धागा सगळ्यात लांब मागे नेतो.

हे सगळं साताऱ्याचं झालं. मराठवाड्यात निजामाच्या राज्यामुळे सेतवार आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, या तिथल्या जुन्या जमीननोंदी, बघाव्या लागतात. कोकणात एका नंबराचे हिस्से इतके असतात की फाळणी नकाशाशिवाय पाऊल टाकू नये.

मुंबईच्या बाजूचंही एक काम आहे. आजोबांच्या गिरणीच्या पासावर किंवा रेशनकार्डावर चाळीचा पत्ता असेल, तर तो गावाकडे नेणारा धागा आहे. गिरणगावात एकेका गावाच्या लोकांच्या सामाईक खोल्या असायच्या, आणि त्या चालवणाऱ्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांमध्ये माणूस वाडीसकट लिहिलेला असतो. ती वाडी टोपोशीटवर शोधा.

शेवटी हक्काचं. त्या जमिनीवर आता दावा लागत नाही. निवाडा झाला, ताबा गेला, जमीन शासनाची झाली. नकाशा किंवा टिपण हा मालकीचा पुरावाही नाही. प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला हवा असेल तर त्याला निवाड्यातलं नाव आणि तिथून तुमच्यापर्यंतची वंशावळ लागते, म्हणजे वर सांगितलेले कागद उपयोगी पडतील. पण त्याचा अर्ज जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याकडे वेगळा करायचा. भूमी अभिलेखाच्या नकलेच्या अर्जात ती मागणी घालू नका, नाहीतर नक्कलही अडकून पडते.